समुद्र नसलेल्या राज्याचे समुद्रपक्षी

नागपूर–हैदराबाद हमरस्त्यावरच्या आमच्या इचोड्यापासून समुद्र दोन्ही अंगांनी सारखाच लांब. पूर्वेकडे बंगालचा उपसागर घ्या की पश्चिमेकडे अरबी समुद्र घ्या; नकाशावर सरळ रेघ ओढली तर अंतर पाचशे किलोमीटरांच्या आगेमागेच भरते. कापूस, तूर, सोयाबीन, पावसाळ्यात कुंतालाचा धबधबा आणि बारा महिने मालमोटारींची धूळ, असा हा आमचा मुलूख. ज्या संस्थानात आमचे आजे-पणजे जन्मले आणि मेले त्यालाही समुद्र नव्हता. १७६६ च्या तहाने निजामाने उत्तर सरकारचा किनारा इंग्रज कंपनीला देऊ केला, १७८८ मध्ये गुंटूरही गेले, आणि हैदराबाद हे चहूबाजूंनी जमिनीने वेढलेले राज्य होऊन बसले. पुढे संस्थानाच्या अखेरच्या काळात पोर्तुगिजांकडून मार्मागोवा बंदर मिळवण्याच्या खटपटी झाल्या, त्या या उणिवेपायीच.

अशा मुलखातल्या माणसाने समुद्रपक्ष्यांवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण आमच्या या किनारा नसलेल्या राज्यातल्या पक्ष्यांची पहिली व्यवस्थित पाहणी ज्या माणसाने केली, तो त्याआधी कोकणातल्या एका पुळणीवर बेकार अवस्थेत दिवस काढत होता. त्या पुळणीचा आणि आमच्या तळ्यांचा संबंध पुष्कळ जुना आहे, आणि तो माणसांच्या आधी पक्ष्यांनीच जोडलेला आहे. हा संबंध कसकसा उलगडत गेला त्याची ही हकिकत.

गेल्या वर्षी दिवाळी आटोपल्यावर आम्ही घरची पाच माणसे आदिलाबादहून नंदीग्राम एक्सप्रेसने मुंबईला आणि तिथून अलिबागला गेलो. मुलाला रजा होती, नातीने समुद्र फक्त टीव्हीवर पाहिला होता. चार दिवस वाळूत खेळणे, कुलाबा किल्ला बघणे, नारळपाणी पिणे असे सगळे यथासांग झाले. शेवटच्या दिवशी परतीची गाडी रात्रीची होती. सामान बांधून झाले होते, आणि मला अक्षीचा शिलालेख पाहायचा होता. चाळीस वर्षे मराठी शिकवलेल्या माणसाने अलिबागपर्यंत येऊन अक्षी न पाहता परत जाणे बरे दिसले नसते.

अक्षी हे गाव अलिबागच्या दक्षिणेला पाचएक किलोमीटरांवर आहे. तिथला शिलालेख शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ चा, असे वाचले गेले आहे. त्या वाचनाप्रमाणे तो श्रवणबेळगोळच्या प्रसिद्ध मराठी ओळींपेक्षाही शंभरेक वर्षांनी जुना, म्हणजे मराठीचा आज ठाऊक असलेला आद्य शिलालेख ठरतो. वर चंद्र-सूर्य, मध्ये मजकूर, खाली दान मोडणाऱ्याला शाप. कोकणच्या केशीदेवरायाच्या काळात देवीसाठी द्यायच्या धान्याची ती नोंद आहे. हा दगड वर्षानुवर्षे रस्त्याकडेला उपेक्षित उभा होता. अलीकडे त्याची बरी मांडणी झाली आहे. काळाने आणि खाऱ्या वाऱ्याने अक्षरे झिजली आहेत. मी बोट न लावता दोन-तीन अक्षरे ओळखली, नातीला दाखवली, आणि मग आम्ही सगळे खाडीच्या मुखाकडे चालत गेलो.

ओहोटी लागली होती. पाणी मागे सरून मैल-अर्धा मैल चिखल आणि ओली वाळू उघडी पडली होती, आणि तिच्यावर इतके पक्षी होते की नात आधी गप्पच झाली. पांढऱ्या कुरवांचा एक थवाच्या थवा वाऱ्याकडे तोंड करून बसलेला. त्यांच्यात डोळ्यामागे काळसर ठिपका असलेले पुष्कळ होते. हे तपकिरी डोक्याचे कुरव. उन्हाळ्यात त्यांचे डोके तपकिरी असते, हिवाळ्यात पिसे बदलून ते पांढरे होते आणि जुन्या रंगाची खूण म्हणून तेवढा ठिपका उरतो. जरा पुढे सुरय पाण्यावर सूर मारत होते. चिखलावर चिखल्यांची धावपळ चाललेली: चार पावले पळायचे, थांबायचे, टोच मारायची, पुन्हा पळायचे. एकटाच उभा असलेला एक मोठा पक्षी विळ्यासारखी वाकडी चोच मुळापर्यंत चिखलात खुपसत होता. त्याला इंग्रजीत कर्ल्यू म्हणतात.

मासळी वाळत घालणाऱ्या एका बाईंना मी विचारले, "मावशी, हे पक्षी रोज असतात का हो इथं?"

"थंडीचे येतात काका, होळीपर्यंत राहतात. पाणी उतरलं की खाली, पाणी चढलं की वर. त्यांचं घड्याळ पाण्याचं. तुम्ही कुठले?"

"आदिलाबादकडचे. तेलंगणातले."

"तेलंगणातले? मग मराठी कसं बोलता एवढं चांगलं?"

सरहद्दीवरच्या प्रत्येक मराठी माणसाने हा प्रश्न कधी ना कधी ऐकलेला आहे. मी नेहमीचे उत्तर दिले: राज्ये नंतर झाली, भाषा आधीपासून होती. बाई हसल्या. "मग या पाखरांसारखंच की," म्हणाल्या, आणि पुन्हा कामाला लागल्या.

पाण्याचे घड्याळ हा शब्द मात्र अगदी खरा. समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि तिची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. किनाऱ्यावरचे पक्षी दिवस-रात्र न पाहता हे चक्र पाहतात. पाणी उतरले की जेवण, चढले की एका पायावर विश्रांती. एकाच चिखलावर इतक्या जातींचे पोट भरते, कारण चोचींची लांबी वेगवेगळी आहे. आखूड चोचीचा चिखल्या वरवरचे किडे टिपतो, मध्यम चोचीचे पक्षी बोटभर खोल जातात, आणि कर्ल्यू खोल बिळातला खेकडा-किडा ओढून काढतो. पंगत एकच, पण प्रत्येकाचे पान वेगळे.

अलिबागच्या उत्तरेला किहीम आहे. सलीम अली यांचा जन्म १८९६ चा. मुंबईच्या संग्रहालयात निसर्गविभागाचे मार्गदर्शक-व्याख्याते म्हणून ते काही काळ नोकरीस होते. रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि एर्विन स्ट्रेझेमान या पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. १९३० मध्ये परत आले तेव्हा पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली होती. खर्च कमी करण्यासाठी ते पत्नी तेहमिना यांच्यासह किहीमला येऊन राहिले. तिथे घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सलीम अली तासन्‌तास त्यांच्याकडे पाहत बसत आणि दिसेल ते लिहीत. सुगरणीचे घरटे विणतो तो नर. अर्धे झाले की मादी येऊन पारखते, पसंत पडले तर नांदते. मग नर पुढचे घरटे विणायला घेतो आणि दुसरी मादी मिळवतो. हे सारे त्यांनी तिथे नोंदवले आणि पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापले. बिनपगारी माणसाने पुळणीशेजारी बसून केलेले हे काम आजही जगभर मानले जाते.

यानंतर त्यांनी संस्थानिकांना एक प्रस्ताव दिला. तुमच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी मी करतो, पगार नको, फक्त प्रवासाचा आणि तंबूचा खर्च द्या. हा प्रस्ताव आधी मान्य करणाऱ्यांत निजामाचे हैदराबाद होते. १९३१-३२ मध्ये पाहणी झाली आणि १९३३-३४ मध्ये तिचा वृत्तान्त सोसायटीच्या नियतकालिकात क्रमाक्रमाने प्रसिद्ध झाला. त्यावर टिपणे लिहिली होती ह्यू व्हिस्लर या, पंजाबात पोलीस अधिकारी राहिलेल्या पक्षितज्ज्ञाने. त्यानंतर कोचीन, त्रावणकोर, इंदूर, भोपाळ अशी एकेक संस्थाने सलीम अलींनी पालथी घातली. त्या कामात तेहमिना शेवटपर्यंत त्यांच्या बरोबरीने राहिल्या. १९३९ मध्ये त्या वारल्या. ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ १९४१ मध्ये आले ते या भटकंतीच्या बळावर.

आता ध्यानात घ्यायची गोष्ट अशी. १९३१ मध्ये आदिलाबाद, नांदेड, औरंगाबाद, वरंगळ, रायचूर ही सगळी एकाच राज्याची नावे होती. किनवट आणि राजुरा तर आदिलाबाद जिल्ह्यातलेच तालुके. त्यामुळे मराठी, तेलुगू आणि कन्नड मुलखातला पक्षी या पाहणीत एकाच यादीत आला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हे राज्य तीन ठिकाणी वाटले गेले. किनवट नांदेडकडे गेले, राजुराही महाराष्ट्राकडच्या बाजूला गेला, आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो. २ जून २०१४ ला तेलंगण झाले, ११ ऑक्टोबर २०१६ ला आदिलाबाद जिल्ह्याचेच चार जिल्हे झाले. दर वाटणीत कागद वाटले गेले, त्याबरोबर यादीही वाटली गेली. मराठीतले पक्ष्यांवरचे पुस्तक उघडले तर ते बहुधा पैनगंगेशी थांबते. पैनगंगेच्या अलीकडचा पक्षी हा तेलंगणाचा, म्हणजे इंग्रजी किंवा तेलुगू पुस्तकाचा. पण पक्षी तोच असतो आणि त्याला मराठी नाव देणारी माणसेही इथेच राहतात.

किनाऱ्यावरच्या पक्ष्यांची आपल्याकडची नोंद यापूर्वी ज्यांनी केली, त्यांतले बहुतेक फावल्या वेळेचेच धनी होते. जी. डब्ल्यू. व्हिडाल हे रत्नागिरीकडे असलेले मुलकी अधिकारी. १८८० मध्ये त्यांनी दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची पहिली यादी ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापली. ते नियतकालिक चालवणारा अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम आपल्याला काँग्रेसच्या स्थापनेमुळे माहीत आहे. पण त्याआधी तो देशातला सर्वांत मोठा पक्षिसंग्राहक होता. १८७५ मध्ये पश्चिम किनाऱ्याच्या सफरीत तो वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवरही गेला होता. भारतीय पक्ष्यांवरच्या मोठ्या ग्रंथासाठी त्याने वर्षानुवर्षे टिपणे जमवली, आणि ती सिमल्याच्या घरातून नोकराने रद्दीच्या भावात बाजारात विकून टाकली. ह्यूमचे मन उडाले. १८८५ मध्ये त्याने आपला संग्रह, कातडी आणि अंडी मिळून ८० हजारांहून अधिक नमुने, ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. साताऱ्यात जन्मलेला, जकात खात्यातला एडवर्ड हॅमिल्टन एटकेन याने १९०० मध्ये मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवर पुस्तक काढले. तो कचेरीतून घरी जाता जाता पाहणारा माणूस होता. हुमायून अब्दुलअली यांनी वेंगुर्ल्याच्या त्याच बेटांवर जाऊन तिथल्या सुरयांवर आणि पाकोळ्यांवर १९४० च्या सुमारास लिहिले.

या जुन्या कागदांचा उपयोग काय, असे कोणी विचारील. २००१ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची माणसे वेंगुर्ल्याच्या बेटावर गेली, तेव्हा तिथल्या गुहांतून पाकोळ्यांची खाण्याजोगी घरटी चोरून नेली जात असल्याचे उघड झाले. या पाकोळ्या तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, असे ठामपणे म्हणता आले ते अब्दुलअलींच्या आणि त्यांच्या आधीच्या नोंदींमुळे. याच संस्थेने कोकणातल्या समुद्री गरुडाची घरटी गावोगाव फिरून मोजली. कुठे कमी झाले आणि कुठे टिकले हे सांगायचे तर आधी कोणीतरी लिहिलेले लागते. व्हिडालने कचेरीचे काम सांभाळून यादी केली नसती तर शंभर-सव्वाशे वर्षांनी तुलना कशाशी केली असती? उरणकडच्या पाणथळी बंदर आणि वसाहतींसाठी बुजत गेल्या तेव्हाही वादात कामी आल्या त्या पक्षिनिरीक्षकांच्या वह्याच.

पक्षी मुळात कोठून येतात, हे तर अगदी अलीकडे कळले. १८९९ मध्ये डेन्मार्कमधल्या मॉर्टेन्सन नावाच्या शाळामास्तराने मैनांच्या जातीच्या पक्ष्यांच्या पायात क्रमांक घातलेली कडी अडकवली. आपल्याकडे १९५७ मध्ये शिमोग्याच्या रानात क्यासनूरचा ताप उद्भवला आणि दूरदेशचे पक्षी त्याचे बीज आणतात की काय, अशी शंका निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सलीम अली आणि सोसायटीने मोठ्या प्रमाणावर कडी घालण्याचे काम हाती घेतले ते या निमित्ताने. कड्यावर एवढाच मजकूर असे, की सापडल्यास मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. आता कड्याबरोबर उपग्रहाशी बोलणारी यंत्रे आली आहेत. २०२२ मध्ये ठाण्याच्या खाडीत सहा रोहितांवर ती बसवली गेली, आणि त्यांतल्या दोघांना सलीम आणि हुमायून ही नावे देण्यात आली. हुमायून गुजरातपर्यंत जाऊन आल्याचे नकाशावर उमटले.

अक्षीवर पाहिलेले तपकिरी डोक्याचे कुरव तिबेट, लडाख, पामीरकडच्या उंच सरोवरांकाठी अंडी घालतात. चिमुकले चिखल्याही तिकडच्याच माळांवरचे. वाट चुकू नये म्हणून ते सूर्य, तारे आणि पृथ्वीचे चुंबकत्व यांचा आधार घेतात. हे चुंबकत्वाचे १९६० च्या दशकात जर्मनीतल्या प्रयोगांनी प्रथम नीट दाखवले. योगायोग असा, की अलिबागलाच भूचुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईच्या कुलाब्यात १८४१ पासून या नोंदी होत होत्या. ट्रामगाड्या विजेवर चालवायचे ठरले तेव्हा विजेने मोजमाप बिघडेल म्हणून १९०४ मध्ये वेधशाळा अलिबागला आणली. पावणेदोनशेहून अधिक वर्षांची ही नोंद जगात मोलाची मानतात. ज्या चुंबकत्वाच्या आधाराने पक्षी त्या आकाशातून ये-जा करतात, तेच खाली माणूस रोज कागदावर उतरवत बसला आहे.

यांतले काही पाहुणे समुद्राशी अडत नाहीत. तुतवार घ्या. अक्षीच्या खाडीकाठी शेपूट वरखाली हलवत चालणारा हा पक्षी मी इचोड्याच्या परिसरात कार्तिकापासून चैत्रापर्यंत ओढ्याकाठी आणि तळ्याकाठी दरसाल पाहतो. गळ्यात काळी पट्टी असलेला छोटा कंठेरी चिखल्याही येतो. नदी सुरय तर गोदावरीच्या पट्ट्यातला घरचाच. तळ्याचे पाणी उन्हाने आटत जाते तसा काठचा चिखल उघडा पडतो. समुद्राची सहा तासांची ओहोटी आमच्याकडे चार महिने चालते, एवढाच फरक. निजामाला बंदर मिळाले नाही, पण किनाऱ्यावरची पाखरे या राज्यात दरसाल येत राहिली.

प्रश्न नावांचा आहे. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यात आयुष्य घालवून, वनवासी आणि पारधी लोकांकडून ऐकलेले शब्द वेचून ‘पक्षिकोश’ २००२ मध्ये मराठीला दिला. २०२५ मध्ये ते गेले. त्यांनी जे विदर्भात केले ते पैनगंगेच्या या तीरावर कोणी केले नाही. आमच्याकडे दसऱ्याला नीलकंठाचे दर्शन शुभ मानतात. तेलुगू शेजारी त्याला पालपिट्टा म्हणतात आणि तो तेलंगणाचा राज्यपक्षीही आहे. दिवाळीत गोंडांची दंडारी निघते आणि गुस्साडी मोरपिसांचा टोप घालून नाचतात. गोंडी, कोलामी, लंबाडी, उर्दू, तेलुगू, मराठी इतक्या भाषांत इथे एकेका पाखराला नाव आहे. आमच्या आजीला तळ्यावरची पंधरा-वीस पाखरे नावाने ठाऊक होती. तिने ती कोणाला लिहून दिली नाहीत आणि आम्ही विचारली नाहीत, कारण विचारायची रीतच नव्हती. मराठी शाळांचे वर्ग इथे दरसाल कमी होत आहेत. शिकवणारे निवृत्त होतात, जागा भरत नाहीत. शाळा गेली तरी बोली घरात काही काळ टिकेल; पण तळ्यावरच्या तुतवाराचे नाव घरात कोण काढणार?

म्हणून परत आल्यावर मी एक शाळकरी वही केली आहे. डावीकडे तारीख आणि तळे, उजवीकडे पक्षी आणि संख्या, खाली जितक्या भाषांत मिळेल तितक्यांत नाव. नात महिन्यातून दोन रविवार बरोबर येते. तिचे शिक्षण इंग्रजीत आणि तेलुगूत. मराठी नाव मी सांगतो, तेलुगू ती शेजारच्या गुराख्याला विचारते आणि तिच्या वळणदार तेलुगू अक्षरांत लिहून काढते. गोंडी नावांसाठी उटनूरकडचे माझे दोन जुने विद्यार्थी मदत करतात. आतापर्यंत एकतीस पाने झाली आहेत. किनवट, राजुरा, बोथ, निर्मल, आसिफाबाद या भागांतल्या वाचकांनी आपापल्या तळ्याची अशी वही ठेवली, तर १९३१ मध्ये जी यादी एक होती ती निदान कागदावर पुन्हा एकत्र करता येईल. पाहुणे पाणी आटू लागताच निघून जातात. तेव्हा वही दिवाळीलाच उघडलेली बरी.